नऊ अक्षरं आणि एक फुली

अप्पांच्या दुकानात प्रत्येक खोक्याच्या बुडाला
पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं:
ऊ प फुली. को य फुली.
गिऱ्हाइकाला वाटायचं, कंपनीचा नंबर.
मला सहाव्या महिन्यात सांगितलं त्यांनी,
गल्ल्याला कुलूप घालता घालता, हळू आवाजात:
न को खा ऊ प रा या घा स.
न म्हणजे एक, को म्हणजे दोन, असं स पर्यंत नऊ.
शून्याला फुली.
"हे विसरलास तर धंदा विसरलास."

उदगिरात, बिदर रोडला दुकान.
हैदराबादची बस पहाटे साडेचारला यायची,
तिच्या डिकीत आमचे पंप, बेअरिंगा, क्लचप्लेटा
पोत्यात शिवलेल्या,
वर अप्पांचं नाव तेलुगूत, तेही चुकलेलं.
दिल्लीचा माल ट्रान्सपोर्टनं, आठ-दहा दिवसांनी,
त्याचा होलोग्राम इतका चकचकीत
की खऱ्यानं मान खाली घालावी.
आणि भंगारातला कुठून यायचा ते विचारायचं नाही.
डिझेलनं धुतला की तोही नव्यासारखा बोलायचा.

एका वस्तूचे तीन भाव.
अप्पा आधी गिऱ्हाइकाच्या चपला बघायचे,
मग विचारायचे,
"गाडी वापरायचीय का विकायचीय?"
विकणाऱ्याला दिल्ली.
वापरणाऱ्याला कंपनी.
जो नुसताच उभा राहायचा, बोलायचाच नाही,
त्याला आधी चहा.

समोर बाभळीखाली मस्तान मिस्त्रीचं गॅरेज.
त्याचा पोरगा पळत यायचा,
जुना पार्ट फडक्यात बांधून, शिदोरीसारखा.
आमची खरेदी सहाशे चाळीस,
मिस्त्रीच्या खात्यावर आठशे,
गाडीवाल्याच्या बिलात छापील, अकराशे ऐंशी.
मधले तीनशे ऐंशी कुणाचे, मी एकदा विचारलं.
"त्याच्या हाताचे," अप्पा म्हणाले.
"छापील आकड्याशी कुणी भांडत नाही रे.
हाताशी सगळे भांडतात."

अप्पा गेले. मुलगा पुण्यात; गल्ल्यावर मी.
दुसऱ्या वर्षी वाढवण्याचे एक मास्तर आले,
प्लेट स्वतःच घेऊन, मोबाइलवर मागवलेली,
साडेसातशेला, घरपोच.
मिस्त्री चार तास गाडीखाली.
गिअरबॉक्स उतरवला, छातीवर पेलला, परत चढवला.
"हाताचे किती?"
"नऊशे द्या."
"नऊशे? नुसतं बसवायचे?"
मिस्त्री काहीच बोलला नाही,
अंगठ्याच्या नखातलं ग्रीस काडीनं काढत राहिला.
मास्तरांनी चारशे दिले.
ते त्यानं मोजलेसुद्धा नाहीत.

त्या संध्याकाळी तो दुकानात आला,
फळीकडे बोट करून म्हणाला,
"त्यो रऊफभाई काढा. उद्या एका टेम्पोला पायजे."
कोण रऊफभाई?
खोकं काढलं, उलटं केलं.
र ऊ फुली.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं पंख्याकडे.
"कधीपासून वाचायलाव?"
"पहिल्याच वर्षापासून.
सासुरवाड हैदराबादची माझी.
तिथं भाव इचारला, इथं अक्षर बघितलं.
धा खोक्यांत सगळं जुळलं."
"मग कधी भाव का पाडला नाहीत?"
"माझ्या बिलात काय असतंय, अप्पाला ठाऊक होतं.
बोलले का कधी?"

वही उघडली.
आठशे लिहायला गेलो तर पेन थांबलं.
सातशे लिहावं, का साडेसातशे,
का मोबाइलवर एकदा बघावं.
तेवढ्यात त्यानं वहीवर बोट ठेवलं,
काळा ठसा उमटला कोऱ्या रकान्यात.
"आठशेच लिहा.
साडेचारला बसवर तुमीच जाताव की.
तुमच्या बी हाताचं काहीतरी असंलच."

मग तो रस्ता ओलांडून गेला,
काखेत रऊफभाई.