मालिका १, मालिका २

उद्या दहाला वार्षिक सभा,
आणि मी नंदगडच्या दूध संस्थेत, वजनकाट्याशेजारी,
रात्री साडेनऊला आलेख काढायलोय.
आकडे दिले की खांब आपोआप उभे राहतात,
त्यात माझं कौतुक काही नाही.
एक निळा, एक नारिंगी,
आणि कोपऱ्यातल्या चौकटीत लिहून येतं
मालिका १, मालिका २.

मालिका एक म्हणजे म्हैस.
मालिका दोन म्हणजे गाय.
हे मला ठाऊक, मशीनला नाही.
त्याला सांगावं लागतं, नव्या पाव्हण्याला सांगावं तसं,
ह्या आमच्या थोरल्या, ह्या धाकट्या.

खालची नावं मावेनात.
चव्हाट गल्ली, कलमेश्वर गल्ली, हणबर गल्ली
सगळी तिरकी झाली,
वळणावर टेम्पोत उभी माणसं कलतात तशी.
अक्षर बारीक केलं तर चेअरमन भरमाण्णांना दिसंना,
मोठं केलं तर कलमेश्वराचं 'कलमे',
पुढं तीन टिंबं.

खुणांची चौकट उजवीकडं ठेवली तर खांब चेपतात.
वर नेली तर नेमकी चव्हाट गल्लीच्या डोक्यावर बसते,
आणि दूध सगळ्यात जास्त त्यांचंच.
उद्या विचारतील, आमचं डोकं कुणी झाकलं?
तळाला नेली. तिथं निदान कुणी राहत नाही.

मग रंग.
भरमाण्णा खुर्ची ओढून बसले.
नारिंगी? "नको रे, भगवा म्हणतील."
पिवळ्याशेजारी लाल?
त्यांनी नुसतं दाराकडं बघितलं.
हिरव्याचं मी विचारलंच नाही.
निळा आहे तो राहू दे म्हटलं, तर म्हणाले,
पंचायतीची निवडणूक तोंडावर आलीय.
म्हशीला कसला आलाय पक्ष?
"म्हशीला नाही. खांबाला असतो."

शेवटी राखाडी.
म्हैस गडद, गाय फिकी.
बेळगावला पाठवायची प्रत कानडीत,
सभेतली मराठीत,
तेच खांब, तेच लिटर;
कानडीत गल्ल्या जरा गोल होऊन बसल्या, एवढंच.

हणबर गल्लीवर खांबच नाही.
तिथली शेवटची म्हैस सातेरीनं चैत्रात विकली.
"काढून टाक ती गल्ली, मधेच दात पडल्यागत दिसते."
काढली.
भरमाण्णा घरी गेल्यावर परत घातली.
शून्याला उंची नसते,
पण खाली नाव लागतं.

सकाळी झेरॉक्सवाल्यानं शाई वाचवली.
गडद न् फिका, दोन्ही एकच झाले.
चौकटीत दोन सारखेच ठिपके,
एकापुढं म्हैस, एकापुढं गाय,
कुणीही कुणाचंही दूध घ्यावं.

सभेत गंगव्वा उठली.
तिला मराठी वाचता येत नाही, कानडीही नाही.
बोलते दोन्ही, एकाच वाक्यात.
"नन्न एम्मी याव्दु?
ह्यातली माझी म्हैस कुठली, दाखव की."

मी चौकटीकडं बोट दाखवलं.
तिनं माझ्या बोटाकडं बघितलं.

मग खिशातलं बॉलपेन काढलं.
एका खांबाच्या डोक्यावर शिंगं, मागं वळलेली.
शेजारच्यावर आखूड, वर गेलेली.
तळची चौकट सरळ खोडून टाकली.
मागच्या रांगेतली पोरं आपापल्या कागदावर
बघून बघून काढायला लागली,
कुणाच्या गाईला हरणाची आली.
भरमाण्णांनी अहवालवाचन थोडं थांबवलं,
पाणी प्यायले.

गंगव्वानं कागद लांब धरला, मग जवळ.
"दूध बरोबर हाय," म्हणाली.
"शिंगं माझीची न्हवंत."

सातेरी काहीच बोलला नाही.
सभा उठल्यावर त्यानं कागदाची घडी घातली,
मधोमध नाही, जराशी बाजूला,
हणबर गल्लीवरून जाणार नाही अशी.