भांगाचं पाणी

दिवाळे गावात आमच्या घरावर तीन मजले चढले,
टाकी मात्र बापाने बांधलेली, पाच माणसांच्या हिशेबाने.
तिच्यावर कडाप्पा,
कडाप्प्यावर मी गेल्या गणपतीत बसवलेल्या
क्रीम रंगाच्या टाइल्स.

वर आता अकरा भाडोत्री.
पुनव-अवसेला, बाराच्या सुमाराला, खाडी भरली
की तळमजल्याचा संडास घसा खाकरतो.
जे गेलं होतं ते परत येऊन बघतं
आम्ही कसे आहोत.

जाळं टाकायच्या तिथी मांडायची येसूआत्या
त्याच कॅलेंडरवर आता लाल पेनने मांडते
कधी कोणी पाणी सोडायचं नाही.
"अष्टमीला न्हा रं पोटभर, भांग हाय."
रात्रपाळीचा बिजय, ओडिशाचा,
तिला विचारून आंघोळ करतो.

मुकणे आला शहापूरहून स्कूटरवर,
मागचा बांबू गल्लीत वळेना.
टाकी नेमकी कुठे, कोणालाच सांगता येईना.
टाचेने ठोकत फिरला.
पोकळ आवाज आला
माझ्या मोटारसायकलखाली.

झाकण सरकवून त्याने आम्हाला मागे ढकललं.
तासभर नुसता बसला. बिडी खिशातच.
"आत उतरणार?"
"भाऊ उतरला होता माझा."
मग म्हणाला, पांढरं कापड द्या.

घरात पांढरं म्हणजे बापाचा पंचा.
बांबूला गुंडाळून त्याने तो खाली सोडला,
उभा धरला, सरळ वर काढला.
खालून छातीपर्यंत काळा.
खाडीतून बाप यायचा तेव्हा
चिखल इथवरच चढलेला असायचा.

"अॅसिड कोण ओततं?"
मी. दर रविवारी एक बाटली.
घासून घासून भांडं असं पांढरं, की पाहुणे बोलून दाखवायचे.
"आत जीव असतो, दादा. तोच खातो, तोच पचवतो.
तुम्ही दर रविवारी मारता त्याला."
आत्याने विचारलं, शेण टाकू? गूळ?
मुकणे पहिल्यांदा हसला.
"तुम्ही रोज देता ते पुरे आहे."

उपशाची गाडी नाक्यावरच अडली.
हद्दीवरून नऊ वर्षं न बोललेल्या हिरू तांडेलने
पाइप अंगणातून जाऊ दिला.
नाक धरून, पण दिला.
सगळं काढू नका, मुकणे ओरडला,
तळाशी थोडं राहू दे, विरजणापुरतं.
बाहेरच्या तोंडाला त्याने झडप बसवली:
जाईल, येणार नाही.

पुनवेला बारा वाजता
आम्ही सगळे संडासाच्या दाराशी उभे.
आजाऱ्याच्या खोलीबाहेर राहतात तसे.
आतून काही नाही.
वरच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिटी देऊन गेला.

झाकणावर आता टाइल नाही, कडी आहे.
मोटारसायकल गल्लीत भिजते.
बिजय अजून सवयीने विचारतो, न्हाऊ का?
आत्या कॅलेंडरकडे बघते,
बघतच राहते,
मग म्हणते, जा.