मनातल्या मनात पाच

माडग्याळच्या पुढं, पवनचक्क्यांच्या खाली
आमची वस्तीशाळा. दोन खोल्या, एकतीस पोरं,
आणि मी, एकोणीस वर्षं बेरीज-वजाबाकीत मुरलेली.

खडूच्या डब्याला टेकवून मोबाइल ठेवला होता,
केंद्रातल्या वनमाला बाई म्हणाल्या म्हणून.
"स्वतःचा एक तास स्वतःच ऐका.
कुणाला दाखवू नका.
आणि आधी जेवून घ्या."

रात्री जतला, खोलीवर,
न जेवताच ऐकत बसले.

कोण ही बाई इतकी घाईत?
बावन्न वजा सत्तावीस. दोनातून सात जातात का? नाही जात.
मग काय करायचं? हातचा घ्यायचा.
कुणाकडून? शेजाऱ्याकडून.
प्रश्न तिचा, उत्तर तिचंच.
एस.टी.च्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकावा
तसा प्रत्येक रिकाम्या क्षणावर
तिनं आपला आवाज टाकून ठेवलेला.

"कळलं का?"
"होऽऽऽ"

बिलाच्या पाठीमागं रेघा मारत गेले.
चौतीस वेळा कळलं का,
चौतीस वेळा हो.
त्या होकारात काशिलिंगचाही आवाज होता,
ज्याच्या वहीत गेल्या सोमवारी मी
'उत्तर बरोबर, रीत चूक' लिहून
लाल फुली मारली होती.

मग घड्याळ घेतलं. प्रश्न संपल्यापासून
मी पुन्हा बोलेपर्यंत किती?
एक सेकंद. बऱ्याचदा तेवढाही नाही.
पाण्याच्या टँकरसाठी इथं चार-चार दिवस थांबते मी,
काही न बोलता.

दुसऱ्या दिवशी तीच वजाबाकी.
विचारलं, आणि गप्प बसले.
एक.
दोन. हात आपसूक खडूकडं.
तीन. बाहेर मेंढराच्या गळ्यातली घंटा,
ती इतक्या जवळ वाजते हे मला नवीनच.
चार. जीभ दातांमागं दाबून.
पाच.
"बाई, विसरलासा काय?" सावित्रव्वा म्हणाली.
सगळे हसले. मीही.
आणि त्या हसण्याच्या मागून काशिलिंग उठला.

"वाघरीत सत्तावीस गेली, बाई. आणि तीन गेली की तीस.
मग वीस. झाली पन्नास. मग दोन.
मूरु, इप्पत्तु, एरडु.
पंचवीस ऱ्हायली भाईर."
थोडा थांबला.
"उसनं कशाला मागायचं शेजाऱ्याकडं?"

एकोणीस वर्षं उसनं मागायला शिकवत होते
दिवस मावळताना बोटाच्या पेरांवर
अख्खा कळप मोजणाऱ्यांच्या पोरांना.

लाल पेनची फुली खोडता येत नाही.
तिच्याखाली लिहिलं: हे मला माहीत नव्हतं.
त्यानं वाचलं, वही उलटीपालटी केली,
म्हणाला, "मग मार्क किती?"

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी
वनमाला बाईंना हळूच सांगितलं, चौतीस.
"माझे एक्केचाळीस होते," त्या म्हणाल्या,
बिस्कीट बुडवता बुडवता.
येत्या मे महिन्यात रिटायर होतील.
परवाच्या शुक्रवारचा तास
अजून ऐकायचा राहिलाय म्हणाल्या.

आता मी एकोणिसावर आलेय.
मध्यंतरी पाठीमागं साहेब येऊन बसले तेव्हा
पुन्हा एकतीस. घरी तर मोजतच नाही;
भाजीवालीलाही परवा विचारलं,
दहा परत द्यायचे, कळलं का?

रत्नव्वा अजून बोललेली नाही.
जूनपासून एक शब्दही नाही, ना मराठी ना कन्नड.
तिच्यासाठी मी अकरापर्यंत जाते.
पवनचक्कीच्या पात्याची सावली
तेवढ्या वेळात दोनदा तिच्या पाटीवरून फिरते.

काल आठवर तिचे ओठ हलले.
उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं.
ते तिथंच ठेवलं.
नऊ.
दहा.
घंटा झाली.