काळा बर्फ

वीब्रन होकस्ट्रा, वय एकाहत्तर,
स्नेकच्या पुढल्या गावातून पहाटेच्या गाडीने नाइमेखनला आलेला.
धंदा: बर्फावरच्या स्केट्सची पाती घडवणं, त्यांना धार लावणं.
एकोणिसाव्या प्रश्नाशी मी थांबते:
डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता?
तो हसतो. "कधी गेला नव्हता ते विचारा, बाई."

म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे.
चुंबकाच्या खोलीत लोखंडाला मज्जाव आहे.
चाळीस वर्षं ठिणग्यांसमोर बसलेले ते दोन डोळे:
काही नाही. स्वच्छ.

मग त्याच्याच शिरेला आम्ही लोखंड लावतो.

थेंब-थेंब, तासभर.
तो पिशवीकडे बघत राहतो.
"हा रंग ओळखीचा आहे," म्हणतो,
"उन्हाळाभर तेलाशिवाय पडलेल्या पात्याचा."

मी सांगते, रोज सांगते तसं:
कण इतके बारीक की गाळणीलाही कळू नयेत,
प्रत्येकावर साखरेचं पांघरूण,
रक्ताने लगेच परका म्हणून हाकलू नये एवढ्यासाठी.
रात्रभर ते फिरतील.
जी गाठ धडधाकट आहे तिच्यात राखणदार पेशी असतात,
त्या हे लोखंडाचे चणे खातात,
खरोखरच खातात,
आणि उद्या चित्रात ती गाठ काळी पडते.
जिथे आजार घुसून बसलाय
तिथे राखणदारच उरलेले नसतात.
लोखंड दारावरून परत जातं.
ती गाठ पांढरी राहते.

"म्हणजे काळं ते चांगलं?"
काळं ते चांगलं.

तो बराच वेळ गप्प.
"बर्फाचं तसंच असतं," मग म्हणतो.
"काळा बर्फ भरवशाचा. खालचं पाणी दिसतं त्यातून,
गवताची हलणारी पाती दिसतात,
आणि तो बैलाएवढा माणूस पेलतो.
पांढऱ्यात हवा असते. पांढरा दगा देतो.
वडील काठीने ठोकायचे दोनदा, कान द्यायचे,
मगच आम्हाला पाय टाकू द्यायचे."

कालवे हल्ली गोठत नाहीत, तेही सांगतो.
दुकानात मुलगा सायकली दुरुस्त करतो.

दुसऱ्या दिवशी किल्ल्या, पट्टा, बायकोने दिलेलं घड्याळ
माझ्या ट्रेमध्ये.
यंत्र ठोकायला लागतं
आणि काचेआड मला वाटतं, याला तर भट्टीत परतल्यासारखं होत असेल.

चित्रं उलगडत जातात. एकेक थर.
काळी. काळी. ही पण काळी.
आतल्या मोठ्या शिरेच्या काठाने
मी डोळ्यांनी चालत जाते, पाय जपून टाकावा तशी.
काळी.
डावीकडे, वळणाशी,
तांदळाच्या कणीएवढं
पांढरं.

चरबी असेल. चरबीही पांढरीच दिसते.
वाचणं माझं काम नाही,
ते सोमवारी डॉक्टर फेर्हूफ वाचतील, चष्मा कपाळावर चढवून.
माझं काम थर नीट लागलेत की नाही बघायचं.
थर नीट लागलेत.

बाहेर आल्यावर तो वेगळंच विचारतो:
"ते लोखंड अंगातून जातं कधी?"
जात नाही, मी म्हणते. शरीर ते मोडून घेतं,
हळूहळू त्याचं रक्त करतं.
हे त्याला फार आवडतं.
"काहीच भंगारात नाही, तर."

बाकावर बसून तो बुटाचे बंद बांधतो,
घट्ट, घोट्यापाशी दुहेरी, बर्फावर उतरायचं असल्यागत.
मग मान वर करून माझ्याकडे बघतो.
मी चेहरा धरून ठेवते,
आतलं काही दिसू न देणारा,
पांढरा.

तो बघतो.
ट्रेमधून घड्याळ उचलतो,
बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा ठोकतो
आणि कान देतो.