आल्याचा चावा

डिसेंबरातल्या तापाने जाताना
घरातली एकच वस्तू नेली,
माझ्या नाकातला वास.
मी कुणाला सांगितलं नाही.
निवतीच्या बंदरावर चार टेबलांची खाणावळ,
तिच्या मालकिणीने कसं सांगावं
की तिला बांगडा आणि साबण सारखाच?

हातांनी सांभाळून घेतलं.
धणे चिमूटभर नव्हे, मूठभर नव्हे,
मधलं काहीतरी, जे बोटांनाच ठाऊक.
आमसुलं पाच, मोठा टोप असेल तर आठ.
मोहरी तडतडायची थांबली की कान म्हणायचा, आता.
गिऱ्हाइकं जेवत होती, पैसे ठेवून जात होती.
मला वाटलं, निभलं.

मग एका मंगळवारी
वाटणाचं खोबरं तव्यावर काळं पडत होतं
आणि मी त्याच्यासमोरच उभी, हातात उलथणं,
खिडकीतून तांडेलाशी डिझेलच्या भावावर बोलत.
मोरीतून गुणाजी ओरडला,
दहावीला दोनदा बसलेला माझा पोरगा-नोकर,
"मावशे, खोबरां करपलां!"
तांडेलाने माझ्याकडे पाहिलं.
मी नाकाला पदर लावला.
उगाच.

त्या रात्री फळीवरचे डबे एकेक उतरवले.
जिरं. काही नाही.
हिंग, ज्याची डबी तीन पिशव्यांत गुंडाळावी लागते,
तोही गप्प.
हळदीचं पान चुरगळलं, हाताला ओल लागली, बस.
मग तिरफळ.
बी काढलेलं नुसतं टरफल दाताखाली धरलं
आणि जरा वेळाने
ओठाला मुंग्या आल्या.
होडीचं इंजीन सुरू होताना फळी थरथरते
तसा खालचा ओठ.
मी एकटीच हसले, दिवा जळत होता.

आलं शेवटी.
फिलोमिनाच्या परसातलं,
बोटांत बोटं अडकलेलं, खाचांत अजून लाल माती.
धड धुतलंही नाही, चावलं.
वास नाहीच.
पण चावा!
जिभेवर, टाळूला, पार घशाच्या तळापर्यंत,
डोळ्यांत पाणी.
किती आठवड्यांनी
कुणीतरी मला ओळख दाखवली.

तेव्हापासून चहात आलं दुप्पट पडतं.
खलाशी म्हणतात, मावशे, घसो सोलवटलो,
आणि दुसरा पेला मागतात.
सोलकढीतही घालून बघितलं एकदा.
परत आलेले अकरा पेले मीच प्यायले.

गुणाजीला तेवढं सांगितलंय.
मी टोपाचं झाकण उचलून मागे सरते,
तो पुढे वाकतो.
"कसलो वास येता?"
आधी म्हणायचा, बरो.
मी म्हटलं, 'बरो' म्हणजे वास नव्हे,
'बरो' तर मास्तरपण म्हणतात.

काल पुष्कळ वेळ वाफेत वाकून राहिला,
चष्मा पुसला, परत वाकला.
"जाळी सुकत घातली की सांजच्याक वारो पडता मां,
तसो.
आणि मधीच कोणीतरी कैरी कापल्यासारखो."

मी एक आमसूल काढून ठेवलं.
तिरफळं चुरडून टाकली, सहा.
सातवं
गालात धरून वाढायला गेले.