एकशे अठ्ठेचाळीस

सोहारच्या सनाइयात, शेड नंबर नऊ,
नासिर बलूशी होंडा लोटत आणतो
तेव्हा मगरिबची बांग होऊन गेलेली असते
आणि पत्रा अजून चटका देतो.
फटफटीला तारलीचा वास, टाकीवर वाळलेले खवले.
"सायलेन्सर बदलला, रफीक. आवाज वाघाचा,
पण चढाला बकरी."

पाइप सियालकोटच्या रशीदने जोडलाय,
टाके शिंप्याने घातल्यासारखे.
आतली जाळी काढून टाकलीय.
धूर मोकळा सुटतो, हवा जास्त ओढली जाते,
पेट्रोल मात्र जुन्याच हिशेबाने येतंय.
थ्रॉटल सोडला की खोकते.
बेंडपाइप निळा पडलाय, मुका मार लागल्यासारखा.
उपाशी आहे.

कार्बोरेटर उतरवतो, वाटी काढतो.
तळाशी चिमूटभर रेती
आणि कुठून आला कोण जाणे, माशीचा एक पंख.
जेट उजेडात धरतो. बारीक आकडा: एकशे बेचाळीस.
"तार घालायची नाही," परकारचाचा म्हणायचे,
"भोक एकदा मोठं झालं की कुणाचं ऐकत नाही.
फुंक. तोंड कडू झालं तर होऊ दे."

मिरजेचा म्हटलं की इथले मराठी लोक हटकून विचारतात,
घरी तंबोरे करत होता का?
नाही हो. बाप एसटी डेपोत ग्रीस भरायचा.
पण शाळेच्या वाटेवर एक दुकान होतं,
तिथला म्हातारा घोडीवर तारेखाली
सुती दोरा सरकवायचा, केसभर, परत केसभर,
आणि मधेच थांबायचा.
का थांबला, ते मला कधी कळलं नाही.

सुईची क्लिप एक खाच खाली.
दीडशेचा जेट. मिक्श्चरचा स्क्रू दोन आटे बाहेर.
तिसऱ्या किकला लागली.

बुरैमीच्या रस्त्याला वादीच्या पुलापलीकडे सरळ पट्टा आहे.
तिथे पूर्ण पिळली, टॉपला नेली
आणि तिथेच क्लच दाबून इंजिन बंद केलं.
असंच करावं लागतं.
हळूहळू थांबलं तर प्लग खोटं बोलतो.

मग फटफटी नुसती वाहत जाते.
शंभरच्या वेगात एवढी शांतता
मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही.
साखळीची कुरकुर. शर्टाची फडफड.
मागे बंदराचे दिवे, पुढे काळा डोंगर.
घरचं काही आठवत नाही. खरंच नाही.
वेग आपला आपण कमी होतो
आणि पाय टेकायची वेळ येते.

प्लग फडक्यात धरून मोबाइलच्या उजेडात बघतो.
काळपट. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा.
फोटो काढून दापोलीला पाठवतो.
चाचांचा व्हिसा संपून दोन वर्षं झाली,
कान त्याआधीच गेले होते.
तळहात सायलेन्सरच्या तोंडाशी धरून सांगायचे,
किती उपास, किती अजीर्ण.

दोन निळ्या खुणा. उत्तर येतं:
"तिकडे गरमी किती?"
एक्केचाळीस, रात्रीचे, मी लिहितो.
"गरम हवा विरळ. तुझी मापं थंडीतली.
१४८ टाक."
कसा आहेस, पगार झाला का, काही नाही.

रस्त्याच्या कडेलाच बदलला, गुडघ्यावर, दातात टॉर्च.
परत तो पट्टा, परत ते वाहणं.
या खेपेला प्लग
भाजक्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचा.

नासिर त्याच रात्री चढावर घेऊन गेला.
मी शेडच्या दारात उभा राहून गिअर मोजले,
दोन, तीन, वळणाआड चार,
एकदाही खोकली नाही.
सकाळी पैशांबरोबर तारल्यांची पिशवी ठेवून गेला.

दुसऱ्या प्लगचा फोटो मी चाचांना पाठवला होता.
तिकडे दीड तास पुढे, झोपले असतील.
फजरच्या सुमाराला उत्तर आलेलं दिसलं:
"रंग बरोबर. आता जाळी परत बसव.
पोराचे कान जातील."
आणि त्याखाली, मिनिटभराने,
"मग १४५ लागेल."