पेटीतली पेटी

कान तपासायचा आमचा प्रोग्राम जुना.
नव्या संगणकावर चालेना, म्हणून डॉक्टरांच्या भाच्यानं
नव्या पेटीच्या पोटात जुनी पेटी बसवून दिली.
आत तीच हिरवी टेकडी, तेच निळं आभाळ.
आतलीला वाटतं, आपण आपल्याच घरात आहोत.
आतला पाहुणा, बाहेरचा यजमान, असं भाचा म्हणाला.
मिरजेत पाहुणा म्हटलं की मला आधी
चहाचं आधण आठवतं.

सोमवारी दस्तगीरचाचा आले,
सतारमेकर गल्लीतले, वय एकाहत्तर,
नखांत भोपळ्याचा भुसा.
सुनेनं पाठवलेलं: टीव्ही फार मोठा लावतात.
हेडफोन चढवला. आवाज आला की बटण दाबा.
दाबलं. दर वेळी दाबलं.
आलेख सरळसोट, विशीतल्या पोराचा.
मी 'नॉर्मल' लिहायला पेन उघडलं, तर म्हणाले,
"बाई, सुराच्या आदी कायतरी तडकतंय.
तेलात मोहरी पडावी तसं.
कानात न्हाई ते. तुमच्या पेटीत हाय."

मी हेडफोन घातला.
रोज ऐकत होते, म्हणूनच ऐकलं नव्हतं.

वायर बदलली. खरखर.
ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. खरखर.
आतलं साउंड कार्ड बदललं
(पहिलंही नुसतं नावाचंच, दुसरंही),
तर खरखर गेली आणि सूर चढला:
आत सेकंदाचे तुकडे चव्वेचाळीस हजार शंभर,
बाहेर अठ्ठेचाळीस हजार.
दोघांचं माप एक केलं.
बुधवार गेला.
गुरुवारी बाहेर सुलभानं बिल छापलं
आणि आत पुन्हा मोहरी.

भाचा फोनवर हसला. "पाहुण्याला कोर किती दिलेत?"
चार.
"म्हणून. चार वाढपी एकदम मोकळे व्हायची वाट बघत
तो पान मांडून बसतो.
एकच द्या, लगेच जेवेल.
आणि बफर वाढवा. नळाला पाणी कधीही येऊ दे,
रांजण भरलेला असला की धार तुटत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी सूर आला
रंध्यानं तासल्यासारखा.
सुलभा मुद्दाम बिलावर बिल छापत राहिली.

शनिवारी चाचांना पुन्हा बोलावलं, फी न घेता.
पाचशे. बटण.
हजार. बटण.
दोन हजार. बटण, जरा उशिरा.
चार हजार.
काचेपलीकडे अंगठा बटणावर टेकलेला,
कडी वाजायची वाट बघत दाराआड उभं राहावं तसा.
मी आवाज वाढवला.
आणखी वाढवला.
आठ हजारला त्यांनी डोळे मिटून घेतले.

म्हणजे सोमवारी ते दाबत होते
ते सुराला नाही,
आमच्या खरखरीला.

मी कागद पुढं केला. रेघ कुठं घसरली ते बघून म्हणाले,
"जवारी हितंच ऱ्हाती, बाई. ह्या उंचीवर.
घोडीवर कानस फिरवताना नातवाला शेजारी बसवतो,
दोन वर्सं झाली.
त्यानं मान हलवली की थांबतो.
सुनंला वाटतं, मी त्याला शिकवतोय."

कागदाच्या चार घड्या करून खिशात घातला.
चपला चढवून झाल्यावर दाराशी थांबले.
"ती तडतड काढली न्हवं?"
काढली.
"ब्येस केलंत," म्हणाले.
"तेवढी यायची मला ऐकू."